फणीच्या रेघांची वडी

तांदळाच्या शाम्पूच्या वडीचे तोटे आधी सांगते. ही रीत माझ्या लहान बहिणीची. ती असती तर हे तिनंच सांगितलं असतं आणि हसत हसत सांगितलं असतं. मला ते जमत नाही. मी सांगायला लागले की माझा आवाज चढतो.

तर तोटे. बोअरच्या जड पाण्यात ही वडी धड फेसाळत नाही. केसांवर पांढुरका चिकट थर बसतो आणि तो सुटता सुटत नाही. बाटलीच्या शाम्पूची सवय असलेल्या बाईला पहिले काही आठवडे वाटतं की आपण डोक्याला मेण चोपडून घेतलंय. वडी ओल्या जागी ठेवली तर तिचा लगदा होतो. पावसाळ्यात तिला बुरशी धरते. मुंग्यांना ती आवडते, उंदरांना तर फारच. डोळ्यात गेली की झोंबते. केसातला कोंडा तिनं जात नाही, जातो म्हणून जी सांगते ती खोटं बोलते. आणि सगळ्यात मोठा तोटा असा, की आज केली आणि उद्या वापरली असं होत नाही. महिनाभर तरी ती सुकू द्यावी लागते, नाहीतर टाळू जाळते.

फायदा सध्या एकच सांगते. या वडीपायी माझ्या बहिणीनं केस वाढवले. वडीनं केस वाढतात असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्या बायांशी मी भांडलेली आहे.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीपासून आत आहे. चहूकडे धानाच्या बांध्या आणि त्यांच्यापलीकडे जंगल. घरात तांदूळ खायचा, त्याची पेज प्यायची आणि कोंडा गुरांना घालायचा, यापलीकडे त्याचं काही होतं असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग आमच्या बचत गटाला वडी शिकवायला शहरातून एक बाई आली. राइस मिलमधल्या कण्या मऊ शिजवायच्या, गाळायच्या, ते पाणी थंड करून त्यात बेतानं कॉस्टिक सोडा टाकायचा. दुधासारखं पांढरं पाणी बघता बघता पिवळं होतं. मग त्यात खोबरेल, एरंडेल आणि टोळीचं तेल घालायचं. टोळी म्हणजे मोहाची बी, तिचं तेल आमच्याकडे घरोघरी असतं. हे सगळं घोटून लाकडी ट्रेमध्ये ओतायचं, दुसऱ्या दिवशी कापायचं आणि सुपात मांडून सावलीला ठेवायचं.

आमच्या पहिल्या वड्या उंदरांनी खाल्ल्या. आदल्या दिवशी सूप भरलेलं होतं, सकाळी त्यात चुरा होता. गटाच्या अध्यक्षबाई कपाळाला हात लावून बसल्या. माझी बहीण म्हणाली, "काकी, येखादा उंदीर पकडा ना. त्याचे केस चमकून राह्यले असतीन, त्यालेच प्रदर्शनात उभा करू."

अध्यक्षबाई तिच्यावर चिडायच्या आणि तिच्याशिवाय त्यांचं पानही हलायचं नाही. हिशेब, फोन, फोटो, सगळं बहीण बघायची. तब्येत बरी असेल तेव्हा ती सिंदेवाहीला एका ऑनलाइन सेंटरमध्ये कामाला जायची. तब्येत बरी नसेल तेव्हा चंद्रपूरच्या दवाखान्यात असायची. तिचं आयुष्य या दोन ठिकाणांच्या मध्ये गेलं.

तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या पेशी गोल असायला हव्यात, त्या विळ्यासारख्या वाकतात आणि कुठंतरी अडकतात. अडकल्या की तिथं इतकं दुखतं की मोठं माणूसही ओरडतं. आई आणि बाबा दोघांच्याही रक्तात तो थोडा थोडा होता. त्यांना त्याचा कधी त्रास झाला नाही, मलाही नाही. तपासणी झाली तेव्हा मला पिवळं कार्ड मिळालं, नुसत्या वाहकाचं, आणि तिला लाल, आजाराचं. एका ताटात जेवलेल्या बहिणी आम्ही, आणि वाटणी अशी झाली. या वाटणीवर मी आजही चिडलेली आहे आणि नेमकं कोणावर चिडायचं ते मला अजून कळलेलं नाही.

थंडी तिची वैरीण होती. थंड पाण्यात हात घातले तरी सांधे धरायचे. रोवण्याच्या दिवसांत सारा गाव बांध्यांमध्ये वाकलेला असायचा आणि ती कडेच्या धुऱ्यावर छत्री धरून आमच्या डब्यांची राखण करत बसायची. तलावात पोहायचं नाही, पावसात भिजायचं नाही. आईला सगळ्यात जास्त धास्ती ओल्या केसांची. केस ओले राहिले की थंडी हाडात उतरते, असं तिचं म्हणणं. म्हणून बहिणीचे केस कानाखाली आले की आई तिला अंगणात पाटावर बसवायची आणि स्वतःच्या हातानं कापून टाकायची. शाळेत नवीन आलेल्या गुरुजींनी विचारलं होतं, हा पोरगा पोरींच्या रांगेत काय करतो. तिनं घरी येऊन ते आम्हाला नक्कल करून दाखवलं. आम्ही हसलो. आई हसली नाही.

एकदा तिनं कात्री लपवली. धान ठेवायच्या ढोलीत, अगदी तळाशी. धान काढता काढता काही महिन्यांनी ती आईच्या हाताला लागली. तोवर केस मानेपर्यंत आले होते. आईनं तिला पाटावर बसवलं, त्याच कात्रीनं केस कापले आणि कापता कापता आईच रडायला लागली. बहीण मान खाली घालून म्हणाली, "रडू नको ना माय, वाकडे कापले जातीन."

माझे केस मात्र लांब होते, कमरेच्या खाली जाणारे. ते विंचरायचं काम तिचं. रोज सकाळी माझ्या मागं बसून ती वेणी घालायची. तीनपेडी, चारपेडी, सागरवेणी. लग्नसराईत मोहल्ल्यातल्या नवऱ्या मुली तिच्याकडे यायच्या. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती मला म्हणायची, "बाई, तुह्ये केस म्हंजे माह्यी शेती हाये." माझं लग्न होऊन मी गेले आणि काही वर्षांनी परत आले. कारण इथं सांगायचं नाही, सांगण्याच्या लायकीचं नाही. परत आले त्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही विचारलं. ती मागं येऊन बसली, अंबाडा सोडला आणि विंचरायला लागली.

वड्यांची दुसरी खेप उंदरांपासून वाचली आणि चांगली सुकली. तेव्हा बहिणीनं जाहीर केलं की ती आता केस कापणार नाही. गटाच्या बैठकीतच म्हणाली. विकत घेणाऱ्या बाया विचारतील, तुम्ही स्वतः वापरता का. आपल्या गटात निम्म्या बायांचे केस पांढरे आणि निम्म्यांचे विरळ. कोणीतरी दाखवायला नको का? सगळ्या हसल्या. आई नाही म्हणाली. बहिणीनं वाद घातला नाही. संध्याकाळी मी धान पाखडत होते तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, मले येक डाव वेनी घालाची हाये. माह्या सोताच्या डोक्यावर. बस. मंग माय म्हनन तं कापून टाकीन."

मी पाखडायची थांबले. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिनं नोकरी मागितली नाही, लग्न मागितलं नाही, बरं व्हायचं तर तिनं कधीच मागणं सोडलं होतं. एक वेणी मागितली. मी त्याच दिवशी आईशी भांडले, आणि मी भांडले की बरीच भांडते.

आईनं अटी घातल्या. रविवारी भर दुपारीच डोकं धुवायचं, उन्हात. पाणी गरम हवं. धुणार मी, बहिणीनं नुसतं बसायचं. केस सुकल्याशिवाय तिनं सावलीत पाय ठेवायचा नाही. आम्ही सगळ्याला हो म्हणालो.

बोअरच्या पाण्यानं वडी सुटायला फार वेळ लागतो, आणि जितका वेळ तितकं ती ओली राहणार. म्हणून मी तलावाचं पाणी आणायचे. तलावाचं पाणी हलकं असतं, त्यात फेस चटकन होतो आणि चटकन जातो. आई ते चुलीवर तापवायची, पितळी गुंडात विसणायची आणि कोपर बुडवून बघायची. तान्ह्या लेकराचं पाणी बघतात तसं. मग मी वडी हातावर घासून फेस करायचे, मुळांना लावायचे, धुवायचे, शेवटी चिंचेचं पातळ पाणी घालून पुन्हा धुवायचे. चिंचेशिवाय केस राठ होतात, हा आणखी एक तोटा. आई शेजारी टॉवेल घेऊन उभी आणि दर तांब्याला बहिणीला विचारायची, "थंड तं नाई ना व?"

"नाई माय, गरमच हाये."

मग ती भाताच्या तणसाच्या ढिगाशी उन्हात जाऊन बसायची. केस सुकताना त्यांना ताज्या पेजेचा वास यायचा. ती म्हणायची, मले माह्याच डोक्याच्या वासानं भूक लागते. केस खरंच मऊ झाले, गुंता कमी व्हायला लागला. विंचरताना फणीत पूर्वी जेवढे यायचे त्याच्या निम्मेही येईनात. हे फायदे मी स्वतः पाहिले आहेत म्हणून लिहिते.

दवाखान्यातही ती वडी न्यायची. पूर्वी एकदा शाम्पूची बाटली पिशवीत उघडली होती आणि तिचे कपडे, रिपोर्ट, बिस्किटं, सगळं फेसाळलं होतं. वडीचं तसं नसतं. तिनं एका जुन्या डबीला खिळ्यानं भोकं पाडली होती, त्यात वडी कोरडी राहायची. वॉर्डातल्या बाया हुंगून बघायच्या. सलाईन लावलेल्या हातानं ती त्यांना सांगायची की दवाखान्याच्या नळाला ही वडी चालत नाही, घरी जाऊन विहिरीच्या पाण्यानं वापरा.

फणीच्या रेघाही तिच्याच. वड्या कापल्या की मऊ असतानाच ती प्रत्येकीवर फणी आडवी दाबायची, त्यामुळे वर बारीक रेघा उमटायच्या. अध्यक्षबाईंनी विचारलं, हे काऊन? ती म्हणाली, ओली वडी हातातून घसरते, रेघा असल्या की घसरत नाही. शिवाय लवकर सुकते. अध्यक्षबाईंना ते पटलं नाही, पण लोक आमची वडी त्या रेघांवरून ओळखायला लागले.

फेब्रुवारीत चंद्रपूरला बचत गटांचं प्रदर्शन होतं. त्या सकाळी तिनं आरशासमोर मला बोलावलं. केस खांद्याच्या जरा खाली आले होते. आता वेणी घालायची पाळी माझी होती. मी मागं बसले, तीन पेड केले आणि वेणी घातली. अगदी लहान वेणी, उंदराच्या शेपटीएवढी. टोकाला लाल रिबीन बांधली. तिनं हात मागं नेऊन ती चाचपली, मग पुढे ओढून बघायचा प्रयत्न केला. ती पुढे येण्याइतकी लांब नव्हती. आई दारात उभी राहून बघत होती. आत गेली आणि काळा टिका आणून तिच्या कानामागं लावला. बुद्धाच्या तसबिरीसमोर हात जोडताना बहीण दोनदा मान हलवत होती. वेणी पाठीला लागते का ते बघायला.

प्रदर्शनात तिनं अध्यक्षबाईंना रडकुंडीला आणलं. कोणी वडी हातात घेतली की ही आधी तोटे सांगायची. तुमच्याकडे पाणी कोणतं? बोअरचं असेल तर नका घेऊ. कोंड्यासाठी पाहिजे? मग डॉक्टरकडे जा. पहिले काही दिवस चिकट वाटेल, दम धरवत असेल तर घ्या. अध्यक्षबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुही बहीन दुकान बंद करते का आज?" मी बहिणीला म्हणाले, जरा फायदेही सांग.

ती खुर्चीत बसली होती, तिचे पाय दुखायला लागले होते. मला म्हणाली, "मले लहानपनी कोनीच तोटे सांगतले नाई, बाई. डॉक्टर, मास्तर, मामा, सारे म्हनत, बरी होशीन. तू बी म्हनत होती. मी वाट पाहत राह्यली. आधी सांगतलं असतं तं मी तेवढ्यातच बसवलं असतं ना सारं."

एक स्थळ आलं होतं तिला, तेव्हाही चहा यायच्या आत तिनं स्वतः लाल कार्ड पुढे ठेवलं होतं. चहा न घेताच ते लोक गेले. तेव्हा मी तिच्यावर रागावले होते. प्रदर्शनात मला त्याचा अर्थ लागला.

वड्या सगळ्या खपल्या. तोटे ऐकूनच लोक घेत होते, त्यांना बहुतेक तशी सवय नसावी. एका बाईनं तर विचारलं, तुमची वेणी या वडीवरची का? बहीण म्हणाली, "वडीवरची नाई, बाईवरची. हे माह्यी बाई धुते." परत येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. वेणी दबू नये म्हणून मान पुढे घेऊन.

घरी आल्यावर आम्ही लगेच नवीन घाणा केला, कारण नवी मागणी आली होती. ती खाटेवर बसून रेघा मारत होती आणि आम्ही सुपं घरापुढच्या सपरीत मांडत होतो. त्यानंतरच्या आठवड्यात तिला ताप आला. मग छातीत दुखायला लागलं. चंद्रपूरला नेलं. तिथं तिला श्वास पुरेना. मी तिच्याजवळ होते. मास्कच्या पट्ट्यानं वेणी ओढली जात होती म्हणून तिनं खूण केली, मी वेणी बाजूला घेतली. एवढंच तिनं शेवटी मला सांगितलं. सकाळी उन्हं वॉर्डात आली होती तेव्हा ती गेली.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं. केस धुण्यानं झालं का? ते थकलेले होते, पण त्यांनी मला बाकावर बसवून सांगितलं की फुप्फुसात संसर्ग झाला, या आजारात असं होतं, केस असोत की नसोत. हे मी लिहून ठेवते, कारण आमच्या मोहल्ल्यात वेगळंच बोललं गेलं. तिला घरी आणलं तेव्हा चुलतकाकू दारातच म्हणाली, "डोकं धुत होते ना हे लोक दर रविवारी. मंग काय होईन?" मी तिला म्हणाले की दुसरं काही बोलायचं नसेल तर घरी जा. ती गेली. पण आईनं ते ऐकलं होतं.

अंघोळ घालायची वेळ झाली. बायांनी अंगणात चादरींचा आडोसा केला. कोणीतरी बोअरच्या पाण्याची बादली भरून आणली. आई तोवर भिंतीला टेकून बसली होती. ती बादली बघून उठली.

"पानी गरम करा," ती म्हणाली. "थंड पानी तिले चालत नाई."

एकीनं चूल पेटवली. मी गुंड घेऊन तलावावर गेले. कोणी म्हणालं, बाई तू राहू दे, मी आणते. मी गुंड दिलं नाही. पाणी तापलं, विसणलं. आईनं कोपर बुडवून बघितलं आणि मान हलवली.

मग शाम्पूचा प्रश्न आला. अध्यक्षबाई सपरीत गेल्या आणि सुपातली एक वडी घेऊन आल्या. फणीच्या रेघांची. मी म्हणाले, "कच्ची हाये ते, काकी. झोंबन."

त्या वडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सुकलेली एकही वडी घरात नव्हती, सगळ्या प्रदर्शनात गेल्या होत्या. तिची स्वतःची डबी दवाखान्याच्या मोरीत राहिली होती. शेवटी किराणा दुकानातून शाम्पूची पुडी आणली. घरात सुपंच्या सुपं वड्या, त्या तिनं घडवलेल्या, आणि तिचं शेवटचं न्हाणं पुडीतल्या शाम्पूनं झालं. गुलाबाचा वास होता त्याला. तो वास मला अजून सहन होत नाही, कोणाच्याही डोक्याला आला तरी मी उठून जाते.

मी तिचे केस पुसले. पांढरी साडी नेसवल्यावर वेणी घातली आणि तीच लाल रिबीन बांधली. एक आजी म्हणाली, रिबीन काऊन? आईनं सांगितलं, राहू द्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. आई रात्रंदिवस एकच गोष्ट म्हणायला लागली. कात्री मी उचलून ठेवली नसती तर. मी तिला डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा पुन्हा सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी तिला ओरडलेही. एकदा म्हणाले, "माय, कात्री चालवली असती तरी ते गेली असती. वेनी न घालता गेली असती." त्यानंतर तिनं कात्रीचा विषय काढला नाही आणि बाकीचंही काही फारसं बोलली नाही.

वड्या मात्र त्यांच्या वेळेला सुकल्या. त्यांना काय, त्यांचा महिना भरला. पिवळेपणा गेला, रंग भातासारखा पांढुरका झाला, हातात घेतल्या तर टणक लागायला लागल्या. अध्यक्षबाई दोनदा येऊन बसून गेल्या आणि विषय न काढता परत गेल्या. मागणीवाले फोन करत होते. मी ठरवलं होतं की एकही द्यायची नाही. रेघा जातील. एकदा पाणी लागलं की पहिल्याच धुण्यात त्या रेघा पुसतात, हे मला माहीत होतं. तिसऱ्या वेळी अध्यक्षबाई आल्या तेव्हा आईच आतून म्हणाली, "नेऊन टाका. तिनं विकाले केल्या होत्या, ठेवाले नाई केल्या." मी आईकडे बघत राहिले. ती स्वतः कागदात वड्या गुंडाळायला बसली. गिऱ्हाइकाला तोटे सांगजा, एवढं तिनं अध्यक्षबाईंना बजावलं.

मी इतक्या दिवसांत केस विंचरले नव्हते. अंबाडा बांधून टाकायचा आणि वर पदर घ्यायचा. माझ्या मागं येऊन बसणारं कोणी राहिलं नव्हतं आणि स्वतःची वेणी घालायला माझे हात वळत नव्हते. आतून गुंता होऊन जटा धरायला लागल्या होत्या.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. आमच्या जिल्ह्यातलं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना ते दिवस सांगायला नकोत. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही आणि टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही. अशा एका रविवारी दुपारी आईनं अंगणातल्या निंबाखाली पाट मांडला. ज्या पाटावर बहिणीचे केस कापले जायचे तोच. मला म्हणाली, "बस."

मला वाटलं, कात्री आणणार. तिच्या मनातली भीती आता माझ्या केसांवर आली असणार, असंच वाटलं. मी बसले. कापले असते तर कापू दिले असते, मला त्या केसांचं काही उरलं नव्हतं. चुलीजवळ खुडबुड झाली. धुराचा वास आला. थोड्या वेळानं आई आली, तिच्या एका हातात गुंड होतं आणि दुसऱ्या हातात वडी. एक तिनं मागं ठेवली होती तर. रेघा अजून तशाच होत्या, एका टोकाला फणीचा तुटलेला दात जिथं होता तिथली रेघ नसलेली जागाही तशीच.

तिनं माझा अंबाडा सोडला. बोटांनी गुंता काढायला लागली. तिला ते येत नव्हतं, ओढलं जात होतं, माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते नुसतं ओढण्यानं नव्हतं. मग तिनं तलावाचं पाणी घातलं आणि वडी घासली. फेस झाला. पेजेचा वास अंगणात पसरला. मी खाली बघत होते. पाटावरून फेस वाहत होता आणि वडी तिच्या हातात फिरत होती. रेघा गेल्या असतील तेव्हाच, मी मान वर केली नाही.

पाणी चांगलंच गरम होतं. वर ऊन असं, की निंबाच्या सावलीतही अंग भाजत होतं, आणि ती तांब्यामागून तांब्या गरम पाणी माझ्या डोक्यावर ओतत होती. टाळू पोळत होती. दर तांब्याआधी ती कोपर बुडवून बघायची, मला मागं न वळता कळायचं. चिंचेचं पाणीही तिनं कोमट करून आणलं होतं.

मला थंड पाणी चालतं. मला आयुष्यभर थंड पाणी चाललं, आमच्या वाटणीत तेच तर झालं होतं.

तांब्या माझ्या डोक्यावर धरून ती थांबली. "थंड तं नाई ना व?" तिनं विचारलं.

"नाई माय," मी म्हणाले. "गरमच हाये."